चमच्यांना कोमट पाणी

शितलने दिवाळीला गावी येताना सासूसाठी साडी आणली नाही, सिलिकॉनचा सेट आणला. उलथनं, पळी, झारा, तेल लावायचा ब्रश, सगळं लालभडक आणि बोटाने दाबलं की वाकणारं. मिराबाईने पळी वाकवून पाहिली आणि ही पळी आहे की बैलाची जीभ, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सुनेचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"आई, पुण्यात सगळं असंच असतं. राख लावायची नाही, तारेची घासणी लावायची नाही. कोमट पाणी, पातळ साबण आणि मऊ स्पंज. एवढं नीट सांभाळलंत ना, की उन्हाळ्यात तुम्हाला पुण्याला नेतो. कोमलच्या पाठीमागे घरचं माणूस पाहिजेच."

"याडी, परीक्षा हाय म्हणून समज," रणजीत हसत म्हणाला. आईची परीक्षा घेताना लेकाला हसू येतं, हा बहुतेक पुण्याच्या पाण्याचा गुण असावा.

कोमल म्हणजे मिराबाईची चार वर्षांची नात. दिवाळीत ती चार दिवस तांड्यावर दिसायची आणि उरलेलं वर्ष मोबाइलवर. मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. त्यामुळे मिराबाईचं आजीपण सगळं टाकीखाली उभ्याउभ्या चाललं होतं. त्या लेकराला एकदा मांडीवर घ्यावं, दुधात भाकर कुस्करून भरवावी, यापलीकडे तिला काही नको होतं.

मंडळी परत गेली आणि मिराबाईने व्रत धरलं. रोज चुलीवर वेगळं पातेलं चढायचं, चमच्यांच्या अंघोळीसाठी. तिचा नवरा धर्मसिंग न्हाणीत गार पाण्याने कुडकुडत ओरडायचा, "मला थंड पाणी अन् चमच्याला गरम?"

"तुमी पुण्याला चालले का?" मिराबाई विचारायची.

हा अपमान धर्मसिंगने मनात ठेवला नाही, पण पळी नेमकी त्याच्याच हातून बाटली. मिराबाई कापूस वेचायला गेली असताना त्याने सुकट केली आणि ती लाल पळीने हलवली.

"ही काहून घेतली?" दारातूनच वास येताच मिराबाईने विचारलं.

"समोर टांगली होती. कालवण हलवायचं न्हाई तर काय पूजा करायची तिची?"

पळी धुतली. पुन्हा धुतली. सिलिकॉन हा प्रकार वरून गुळगुळीत दिसतो, पण एकदा वास धरला की भाऊबंदांसारखा मनात धरून बसतो. सुनेला विचारलं तर परीक्षेआधीच नापास. म्हणून मिराबाई शेजारच्या जनकाबाईकडे गेली.

जनकाबाईला जगातल्या सगळ्या गोष्टींचं उत्तर येतं. "दुधाच्या मडक्याला वास लागला तर आपण काय करतो? धुरी देतो. हिला बी दे."

गोवरीवर कडुलिंबाचा पाला टाकला आणि एकट्या पळीला कशाला म्हणून अख्ख्या सेटला धुरी दिली. आता पळीला सुकट आणि धूर असे दोन वास येऊ लागले, आणि बाकीच्या तिघांना, ज्यांचा काही गुन्हा नव्हता, फुकटचा धूर लागला.

"मंग मातीत पुर," जनकाबाई जराही न डगमगता म्हणाली. "काळी माती वास वढून घेती बराबर."

मिराबाईने गोठ्यामागे खड्डा करून सेट पुरला. मातीने वास ओढला की नाही कोण जाणे, पण तांड्यावरच्या कुत्र्याने तो बरोबर ओढला. सकाळी खड्डा उकरलेला आणि कुत्रं पळी तोंडात धरून कापसाच्या वावराकडे निघालेलं. मागे मिराबाई, हातात चप्पल. तांडा दारात येऊन हसत होता, आणि धर्मसिंग सगळ्यात मोठ्याने.

पळी सुटली, पण कडेवर दात उमटले होते. मिराबाई बांधावरच बसली आणि रडायला लागली. "हसून राहिले तुमी? माझी कोमल हाय त्या पळीत."

धर्मसिंगचं हसू तिथंच थांबलं. दुपारी त्याने दाढीचं नवं ब्लेड काढलं आणि पळीची कड हळूहळू तासून सारखी केली. जनकाबाईच्या सुनेने, ज्योतीने, टाकीखाली जाऊन मोबाइलवर पाहिलं. उकळत्या पाण्यात खायचा सोडा, त्यात सगळं बुडवून ठेवायचं, मग उन्हात वाळवायचं. दोनदा तसं केल्यावर वास गेला.

"आधी काहून न्हाई सांगितलं, बाई?" मिराबाईने विचारलं.

"मोठ्या माणसांचं चालू होतं की," ज्योती म्हणाली.

पुढे मिराबाईने तो सेट असा जपला की घरातल्या माणसांना हेवा वाटावा. उन्हाळ्यात रणजीत आणि शितल आले. कोमलला ऊन सोसत नाही, म्हणून तिला हिंगोलीलाच शितलच्या आईकडे ठेवलं होतं. मिराबाईने तो कडू घोट गिळला आणि सेट पुढे ठेवला.

शितलने पळी हुंगली, बोट फिरवून पाहिलं. "आई, जरासुद्धा चिकट नाही. आमच्याकडचे तर सगळे फेकले. बाई तारेनेच घासायची. सांगून सांगून दमले, शेवटी काढून टाकली तिला."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"याडी, पास झालीस तू," रणजीत म्हणाला. "भर कपडे. उद्याच निघू."

मिराबाईचा चेहरा उजळला. "कोमलला तूप आवडतं न्हाई? बरणी भरून घेते. शाळेतून आली की..."

"तिचं टेन्शन घेऊ नका तुम्ही," शितल म्हणाली. "शाळेतून ती थेट पाळणाघरात जाते. मस्त रुळलीय. रात्री जेवूनच येते. तुम्ही आपली भांडी आणि ओटा बघा. आणि फरशी."

धर्मसिंग खाटेवरून उठला. "घरचं माणूस पाहिजे म्हणून राहिले होते ना तुमी?"

"घरचंच तर पाहिजे, बा," रणजीत म्हणाला. "बाहेरच्या बाया लई तकलीफ देतात."

मिराबाई आत गेली. धर्मसिंग तिच्या मागे गेला. ती पेटीतून साड्या काढून पिशवीत भरत होती.

"जाऊ नको," तो हळू आवाजात म्हणाला. "जमत न्हाई म्हणून सांग. पळीला कुत्र्याचे दात लागले होते, ते बी सांग त्यायला."

मिराबाईने हातातल्या साडीची घडी मोडली, पुन्हा घातली.

"झोपायला तर घरीच आणत असतील की तिला," ती म्हणाली.