शर्टाचा सोगा

"बाईमाणसाला टर्कीची शिकार शिकवायची म्हणजे बोक्याला पोहायला शिकवायचं," ऑर्व्हिलबाबा मनातल्या मनात कुरकुरले.

मनातल्या मनात, असं आपलं त्यांना वाटत होतं. पिकअपमध्ये हातभर अंतरावर बसलेल्या त्यांच्या सुनेला, रोवेनाला, त्यातला शब्दन् शब्द ऐकू आला. तिनं खिडकीबाहेर बघत थर्मासचं झाकण घट्ट केलं. घरात सगळेच असं करायचे. गेली तीन वर्षं ऑर्व्हिलबाबांच्या मनाचं दार सताड उघडं होतं आणि ते उघडं आहे हे एकट्या ऑर्व्हिलबाबांना ठाऊक नव्हतं. रविवारी जेवताना ते मनाशी म्हणायचे, "हा मक्याचा पाव आहे की वीट?" आणि लगेच मोठ्यांदा म्हणायचे, "ओपल, झकास झालाय गं पाव!" यावर त्यांची बायको, ओपलबाई, सगळ्यात मोठा तुकडा त्यांच्याच ताटात वाढायच्या.

कानांचा विषय मात्र त्या घरात काढायचा नाही, असं ठरून गेलं होतं. मुलानं, डेलनं, एकदा कानाच्या यंत्राचं माहितीपत्रक टेबलावर विसरल्यासारखं ठेवलं होतं. बाबांनी त्या कागदानं चूल पेटवली आणि डेलशी आठ दिवस बोलले नाहीत. तेव्हापासून सगळे जरा ओरडून बोलत आणि बाबांनी लावलेला टीव्ही अंगणात बसून ऐकत.

पण या वर्षी प्रकरण घरच्या टेकडीच्या मुळावर आलं होतं. बाबांच्या शेडच्या भिंतीवर टर्कीचे एक्केचाळीस पिसारे ओळीनं ठोकलेले होते, दर वसंतातला एक. त्यानंतर तीन रिकामे खिळे. "टेकडीवर पक्षीच उरला नाही," बाबा म्हणायचे. "तीन वर्षांत एका नराचा आवाज नाही. यंदाही बोलला नाही, तर तिथली झाडं तोडायला लाकूडवाल्याला हो म्हणून कळवतो. मुक्या टेकडीचं करायचं काय?" त्याच टेकडीवर ओपलबाई अळंबी वेचायला जात. तिथल्याच ओढ्यात पाय सोडून बसलेलं असताना डेलनं रोवेनाला लग्नाचं विचारलं होतं. टेकडी सगळ्यांना हवी होती, आणि तोंड कुणालाच उघडायचं नव्हतं.

त्यातून डेलची पाठ धरली. शिकारीच्या सीझनच्या आदल्या दिवशी त्याची पाठ धरण्याचं हे लागोपाठ दुसरं वर्ष. बाबांनी एकट्यानं रानात जायचं नाही, ही ओपलबाईंची सक्त ताकीद. तेव्हा रोवेना म्हणाली, "मी जाते."

तिची तयारी कमी नव्हती. शिकारीचा कोर्स तिनं शंभरात शहाण्णव गुण मिळवून पुरा केला होता, परवाना खिशात होता, आणि कुंपणावरचे डबे ती धडाधड पाडायची. "चोपन्न पोरांची शाळेची बस चालवते मी," ती डेलला म्हणाली. "शेवटच्या बाकावर कोण च्युइंगगमचा कागद उघडतंय, ते मला पुढं बसून ऐकू येतं. एका पक्ष्याला काय भ्यायचंय?"

"पक्ष्याला नकोच भिऊस," डेल सोफ्यावरून म्हणाला, आणि कुशीवर वळला.

उजाडता उजाडता दोघं टेकडीवर पोचली. दोघांच्या अंगावर पानापानांच्या नक्षीचे कपडे होते आणि तोंडावर जाळी. बाबांनी ओंजळ तोंडाशी धरून घुबडाचा आवाज काढला. घुबड ओरडलं की फांदीवर झोपलेला नर चिडून उलट ओरडतो आणि त्याचा ठावठिकाणा कळतो. बाबांचं घुबड असं होतं, की खऱ्या घुबडानंही मान डोलवावी. आणि लगेच, समोरच्या वाळक्या ओकच्या मागून उत्तर आलं. गुळुगुळुगुळू!

बाबा हनुवटी वर करून ऐकत उभे होते. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "बघ. सगळं चिडीचूप."

"अहो बाबा, बोलला की तो!" रोवेना बसमधल्या आवाजात म्हणाली. "त्या वाळक्या ओकच्या मागं!"

बाबा मायेनं हसले. "पहिल्या दिवशी सगळ्यांनाच ऐकू येतो, पोरी. मला पहिल्या वर्षी बेडकांतसुद्धा टर्की ऐकू यायची. तिकडं काही नाही. चल, तिकडूनच सरळ घळीत उतरू."

आणि ते चालायला लागले, अगदी नाकासमोर, त्या वाळक्या ओकच्या दिशेनं. वर कुणीतरी गादीवरची चादर झटकावी तसा आवाज झाला आणि एक भलामोठा काळा पक्षी दरी ओलांडून निघून गेला. बाबा तेव्हा खाली मान घालून पायाखालची जमीन बघत होते. "जरा जपून पाय टाक," ते म्हणाले, "केवढ्या काटक्या मोडतायत तुझ्या पायाखाली." काटक्या त्यांच्याच पायाखाली मोडत होत्या.

घळीत बसल्यावर बाबांनी खिशातून लाकडी पेटी काढली. झाकण घासलं की हुबेहूब मादीचा आवाज येई. ही पेटी त्यांनी लग्नाच्या आधी स्वतःच्या हातांनी बनवली होती. त्यांनी घासली, आणि नर बोलला. पुन्हा घासली, आणि तो आणखी जवळून बोलला. रोवेनानं श्वास रोखून बंदूक गुडघ्यावर घेतली. झुडपांच्या मागं काहीतरी लाल-निळं हललं. एवढ्यात बाबा उभे राहिले, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "नाही. मेलेलं रान आहे हे." झुडपांमागून धावत जाणारे पाय रोवेनाला एकटीला ऐकू आले.

डेलची पाठ सीझनच्या तोंडावरच का धरते, ते आता तिला नीट कळलं.

पाच शब्दांचं काम होतं. बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. याच रोवेनानं पाद्रीबाईंना तोंडावर सांगितलं होतं, की तुमच्या धाकट्याच्या डोक्यात उवा आहेत. तिची जीभ कुणापुढं अडत नसे. पण बाबा ती पेटी बाहीनं पुसून, तान्ह्या पोराला निजवावं तशी खिशात ठेवत होते. ते बघितलं आणि ते पाच शब्द तिनं गिळून टाकले.

निदान यांना एका जागी बसवून तरी ठेवू, तिनं ठरवलं. "बाबा, माझा पाय मुरगळलाय. तासभर बसू या का इथंच?"

"बसू की," बाबा म्हणाले, आणि मग मनात म्हणाले, "बस चालवणाऱ्यांचे पाय. बसून बसूनच गेलेत." त्यांनी तिला चांगली मोकळी नजर मिळेल अशा हिकरीच्या झाडाच्या बुंध्याला टेकवलं आणि स्वतः दहा पावलांवरच्या झाडाखाली बसले. जाळी खाली ओढता ओढता पुन्हा मनात बोलले, "पोरगी गुणाची आहे हो. डेलपेक्षा हिलाच रानाची समज. पण सांगितलं तर शेफारेल."

रोवेनानं न मुरगळलेला पाय चोळायला घेतला.

ऊन चढलं, तसे बाबा घोरायला लागले. त्यांचं घोरणंही त्यांच्या मनातल्या बोलण्यासारखंच होतं, साऱ्या टेकडीला पुरेल एवढं. जाळी आत जायची, बाहेर यायची. संपलं आता सगळं, असं रोवेना म्हणते न म्हणते तोच पलीकडून आवाज आला. गुळुगुळुगुळू!

बाबा घोरले. नर ओरडला. बाबा पुन्हा घोरले. नर आणखी जवळून, आणखी तावातावानं ओरडला. कुणीतरी आपल्या हद्दीत येऊन दमदाटी करतंय, अशी त्याची समजूत झालेली दिसत होती. दर घोरण्याला चोख उत्तर देत देत तो अखेर झुडपांतून बाहेर आला. पिसारा फुललेला, पंखांची टोकं जमिनीवर खरडत, डोकं लालबुंद. छातीवरची केसांची दाढी तर पायाच्या बोटांपर्यंत लोंबणारी.

रोवेनानं बंदूक उचलली आणि तशीच खाली घेतली. पक्षी थेट बाबांकडंच निघाला होता. कोर्समधले शहाण्णव गुण एकच गोष्ट सांगत होते, की मागं सासरा असताना चाप ओढायचा नसतो. नर बाबांच्या बुटांपासून हातभर अंतरावर येऊन थांबला, त्यानं मान पुढं काढली आणि अंगातलं सगळं बळ एकवटून ओरडला. रोवेनाच्या कानठळ्या बसल्या.

बाबा घोरतच होते.

नर चक्रावला. त्यानं पुढं होऊन बुटाच्या नाडीला एक टोच मारली. तेव्हा कुठं बाबांनी डोळे उघडले.

समोर नर उभा होता. त्यानं पुन्हा मान पुढं काढली, चोच उघडली, गळ्याखालची लाल कातडी थरथरली. रोवेनाला ती आरोळी छातीत जाणवली. बाबा एकटक बघत राहिले, काचेपलीकडच्या माणसाकडं बघावं तसे. नर पुन्हा ओरडला. बाबांचा हात हळूच वर गेला, जाळीखालून कानापाशी थांबला आणि खाली आला. बाबांना काय कळून चुकलं, ते रोवेनानं ओळखलं आणि नजर वळवली.

नर कंटाळून बाजूला सरकला. आता तो मोकळ्यावर होता, मागं नुसती टेकडी. बाबांची मान तिच्याकडं वळली. "मार!" ते कुजबुजले.

ते कुजबुजणं खालच्या गावात कुणी ऐकलं नसेल, तर त्याचे कान तपासायला हवेत. नर हातभर हवेत उडाला, रोवेनानं चाप ओढला, आणि हिकरीची पाच-पन्नास पानं भिरभिरत खाली आली. पक्षी दरीपार झाला होता.

परतीच्या वाटेवर बाबा काहीच बोलले नाहीत. मनातसुद्धा नाही. रोवेनाला पहिल्यांदाच त्या पिकअपच्या इंजिनाचा आवाज नीट ऐकू आला.

स्वयंपाकघरात डेल पाठीशी गरम पाण्याची पिशवी धरून बसला होता. "काय झालं?" त्यानं विचारलं.

"नेम चुकला माझा," रोवेना म्हणाली.

"म्हणजे पक्षी आहे टेकडीवर?" डेल पाठ विसरून ताडकन उभा राहिला, मग बाबांकडं बघून हळूच खाली बसला. ओपलबाईंनी खणातून कात्री काढली. नेम चुकला की शर्टाचा मागचा सोगा कापायचा, त्यावर नाव घालायचं आणि शेडच्या दारावर ठोकायचं, ही त्या घराची रीत होती. रोवेना पाठ करून उभी राहिली.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी विजारीत खोचलेला स्वतःचा शर्ट ओढून बाहेर काढला आणि ओपलबाईंकडं पाठ फिरवली. "आधी माझा काप."

"तू गोळी झाडलीस का, ऑर्व्हिल?" ओपलबाईंनी मोठ्यांदा विचारलं.

"नाही झाडली. तीन वर्षं नुसता चुकतोय." ते भिंतीकडं तोंड करूनच बोलत होते. "बुटाशी उभा होता, ओपल. मान हलवत होता, चोच उघडत होता, चित्रातल्यासारखा. ही पोरगी सकाळपासून सांगत होती, तर मी तिलाच शिकवत बसलो. लाकूडवाल्याला नाही म्हणून कळवा. मुकी नव्हती टेकडी. मीच बहिरा झालोय."

मग कात्रीचा कच्च आवाज झाला आणि ओपलबाईंच्या हातात चौकड्याचा एक मोठा तुकडा आला. त्यांनी तो नीट घडी करून टेबलावर ठेवला, नवऱ्याला खांद्याला धरून वळवलं आणि तोंड त्यांच्या कानापाशी नेलं.

"आणि ऑर्व्हिल, तू मनात जे बोलतोस ना, ते आम्हाला सगळ्यांना ऐकू येतं!"

बाबांनी डेलकडं बघितलं. मग रोवेनाकडं, आणि ते कानापर्यंत लाल झाले. शेवटी त्यांची नजर टेबलावरच्या, फडक्याखाली झाकलेल्या मक्याच्या पावावर गेली.

"म्हणजे ते... विटेचं?"

"विटेचंसुद्धा," ओपलबाई म्हणाल्या, आणि सगळ्यात मोठा तुकडा त्यांनी त्यांच्या ताटात वाढला.