गो, बॅग!

आमच्या समोरचे सकपाळ काका दर शनिवारी दुपारी चार वाजता घर सोडून पळ काढत. मिरग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत त्यांचा एकही शनिवार चुकला नाही. पुढे काठी घेऊन काका, मागे खांद्याला नारिंगी बॅग लावून काकी. कोरड्या ठणठणीत रस्त्यावर काठीने पाण्याची खोली बघत दोघं गल्ली ओलांडत आणि आमच्या जिन्याने वर येत. वर आल्यावर काका घड्याळ बघून मला वेळ सांगत. मग चहा होई. चहा झाला की आपत्ती संपली असं समजून दोघं घरी परतत.

महाडात सावित्री नदीच्या अंगाला आमची गल्ली आहे. खाली माझं औषधांचं दुकान आणि वर घर. आमच्या गावात मुलगी द्यायची तर मुलाच्या शिक्षणाआधी त्याचा मजला विचारतात. सकपाळ काकांचं घर बैठं, रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. त्यामुळे पळून यायला माझाच मजला त्यांना पसंत पडला. मला कोणी विचारलं नव्हतं.

काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आंबेनळी आणि कशेडी हे दोन घाट त्यांनी आयुष्यभर चढले-उतरले. एकदा कशेडीत पुढेही दरड आणि मागेही दरड, अशी त्यांची गाडी मधोमध अडकली. चाळीस प्रवासी, एक दिवस आणि एक रात्र, आणि गाडीत खायला एका म्हातारीच्या पिशवीतली वांगी. तेवढीच. काकांनी ती सगळ्यांना सारखी वाटली. त्या दिवसापासून तयारीला कोणी हसलं की काका एकच प्रश्न विचारत, "कच्चं वांगं खाल्लंय काय कदी?" गल्लीत कोणीच खाल्लेलं नव्हतं. मीही खाल्लेलं नाही.

पण बॅग आली ती नंतर. गावात आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर झालं, त्यात. औषधवाल्यांना बोलावणं होतं म्हणून मी गेले होते आणि काका पहिल्या रांगेत जागा धरून बसलेच होते. अलिबागहून एक तरुण साहेब आले होते. ते म्हणाले, "प्रत्येक घरात कायम भरलेली एक गो बॅग हवी. इशारा मिळाला की विचार करत बसायचं नाही. गो बॅग, आणि घराबाहेर!"

काका माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. "बगितलं म्याडम? अलिबागचा सायेब असून आपल्या बोलीत बोलतोय."

बाहेरच्या माणसाला हे उमगायचं नाही. आमच्याकडे ‘गो’ ही बाईमाणसाला मारायची हाक. आईला, बायकोला, लेकीला, शेजारणीला, सगळ्यांना तीच. त्यात काकांच्या पिढीत बायकोचं नाव घेण्याची पद्धत नाही, त्यामुळे लग्न झाल्यापासून काकींचं नाव ‘गो’ एवढंच होतं. त्यांचं खरं नाव सुभद्रा, हे गल्लीत मला एकटीला ठाऊक होतं आणि तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून. साहेब जे म्हणाले ते काकांनी सरळ असं ऐकलं, की पाणी आलं की नवऱ्याने बायकोला हाक मारायची: "गो, बॅग!"

त्यांनी हात वर केला. "सायेब, एक शंका हाय. ज्याला बायको नाय त्यानं काय म्हनायचं?"

साहेब जरा गडबडले. पण हुशार होते. म्हणाले, "काका, एकट्या माणसाला तर गो बॅग जास्तच लागते."

"आनि ती आनून कोन देनार त्याला?" काका मला हळूच म्हणाले. साहेबांचं हे एक उत्तर त्यांना कच्चं वाटलं. बाकी शिबिर त्यांना पसंत होतं.

घरी येताना मी त्यांना समजावून पाहिलं, की हा ‘गो’ इंग्रजीतला, त्याचा अर्थ ‘जा’. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जा म्हनायचं तर नुसतं जा म्हनंल की. मदीच बॅगेचं नाव कशाला घेईल?" मी नाद सोडला. व्याकरणात मी कधीच पक्की नव्हते.

त्याच आठवड्यात बॅग दाराजवळच्या खिळ्यावर टांगली गेली. खिळा काकींच्या उंचीला ठोकला होता, कारण बॅग हे त्यांचं खातं. काकांच्या खात्यात मेन स्विच, गॅस आणि काठी. मेन बंद, गॅस बंद, काठी हातात, की उंबऱ्यावर उभं राहून काका हाक मारत, "गो, बॅग!" आतून काकींचं उत्तर येई, "घेतली. म्होरं व्हा." हे उत्तर आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असा नेम होता. एसटीत घंटी वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही, त्यातलाच हा प्रकार.

बॅगेत काय होतं हे गल्लीला तोंडपाठ होतं, कारण दर महिन्याला ती ओट्यावर उपसून पुन्हा भरली जाई. बॅटरी, शिट्टी, फुग्यात घालून तोंड बांधलेली काडेपेटी, दोरी, चणे, गूळ. वांगी नव्हती. सुकट होती. ती तीन पिशव्यांत बांधलेली होती, तरी त्या बॅगेची जागा डोळे मिटूनही सांगता आली असती, आणि गल्लीतली मांजरं येता-जाता खिळ्याखाली थोडा वेळ बसून जात. काकींचं एक इस्त्रीचं लुगडं होतं, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. आणि कागदपत्रं, सगळी लॅमिनेट केलेली. आधार, रेशनकार्ड, पोलादपूरकडच्या जमिनीचा सातबारा, मुंबईच्या मुलाचा फोन नंबर. लॅमिनेशनवाला ओळखीचा झाल्यावर काकांनी चालू वर्षाचं कॅलेंडरही नेऊन दिलं. बारा महिने एकाखाली एक चिकटून बसले, त्यामुळे त्या घरात पुढे वर्षभर जानेवारीच होता.

औषधं माझ्याकडची. काकींच्या साखरेच्या आणि प्रेशरच्या गोळ्या. काका दुकानात येऊन चष्मा कपाळावर चढवत आणि पाकिटावरची मुदत वाचत. मुदत संपायला दोन महिने असले तरी ती पाकिटं बदलून हवी असत. मी वैतागे. मी तशी लवकरच वैतागते. "अहो, काही होत नाही," म्हटलं की वांग्याचा प्रश्न ठरलेला.

काकींचं या सगळ्यावर मत काय, हे मला एकदाच कळलं. शनिवार होता. काका वरून घड्याळ दाखवत होते, "दीड मिनिट! मागच्या बारीला सव्वा व्हतं!" आणि काकी माझ्या जिन्यावर कठडा धरून दम खात होत्या. उशीर नेहमी त्यांच्याच चपलांमुळे व्हायचा, कारण चपला कधीच जागेवर नसायच्या. मला म्हणाल्या, "पूर परवडला गो, पर ह्यो शनवार नको." आणि उरलेल्या पायऱ्या चढून वर गेल्या. बॅग मी घेते म्हटलं तर देईनात.

गेल्या थंडीत काकी गेल्या. पूर नाही, दरड नाही. सकाळी भाकऱ्या झाल्या, चुलीपासून उठून जरा भिंतीला टेकल्या, त्या टेकल्याच. काका मागच्या अंगणात होते. दुकानातून मला दिसलं, धावत जाऊन मीच नाडी बघितली आणि मीच त्यांना सांगितलं. मला ते अजून आठवू नयेसं वाटतं.

मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. तिथून बाराव्या दिवशी काका परत. मी विचारलं तर म्हणाले, "पाचवा माळा हाय तितं. पूर यायचाच नाय. मंग मानसानं दिवसभर करायचं काय?"

मिरग आला. पहिल्या शनिवारी चार वाजता मी नकळत चहाचं आधण ठेवलं. कोणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. मी वर्षानुवर्षं ज्या उपद्रवाबद्दल नवऱ्याकडे कुरकुर केली होती, तो बंद झाल्यावर मला चार ते साडेचार काही सुचेना.

महिनाअखेरीला मात्र काका दुकानात आले. चष्मा कपाळावर, हातात गोळ्यांची पाकिटं. काकींच्याच गोळ्या. "मुदत जवळ आली म्याडम. बदलून द्या."

मी म्हटलं, "काका, या गोळ्या आता..."

"बॅगेतल्या हायेत," ते म्हणाले. "बॅग भरल्याली पायजे."

मी नवीन पाकिटं काढली, मुदत त्यांना वाचून दाखवली आणि दिली.

आणि मग एका सकाळी पाणी आलं. रात्रभर घाटमाथ्यावर कोसळत होता. नवरा माझा पोलादपूरच्या शाळेत शिक्षक, तो आदल्या दिवसापासून तिकडेच अडकलेला. पुराचा भोंगा झाला. मी दुकानातला माल वर न्यायला लागले, आणि पहिली खेप ठेवून खिडकीतून बघितलं तर गल्लीत लाल पाणी शिरलेलं. बाकीची बैठी घरं पटापटा रिकामी होत होती. काकांची काळजी मला वाटली नाही. अख्ख्या महाडात या पाण्यासाठी एवढा तयार माणूस दुसरा नव्हता.

त्यांच्या दारातून हाक आली. "गो, बॅग!"

सवयीने मी घड्याळ बघितलं. आता बाहेर पडतील म्हणून थांबले. पडले नाहीत. मी आणखी दोन खेपा केल्या. पाणी त्यांच्या पहिल्या पायरीवर आलं होतं. पुन्हा हाक आली, तेवढीच, त्याच आवाजात. "गो, बॅग!" मी वरून ओरडले, "काका, या!" पावसात त्यांना ऐकू गेलं नसावं. दुसरी पायरी बुडायला लागली तशी मी साडी खोचली आणि खाली उतरले. गुडघाभर पाण्यात, ज्या रस्त्यावर ते वर्षानुवर्षं कोरडे चालले होते, त्यावरून हातात काठी नसलेली मी धडपडत गेले.

काका उंबऱ्यावर उभे होते. मेन बंद, गॅस बंद, काठी हातात, पायांत बूट. बॅग खिळ्यावर.

"काका, चला! काय बघताय?"

"दोनदा हाक मारली," ते म्हणाले.

"अहो, पाणी चढतंय!"

"दिसतंय मला म्याडम. पर घेतली म्हनल्याबिगर म्होरं कसा व्हू?"

त्यांना भ्रम झाला नव्हता. काकी नाहीत हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण चाळीस वर्षं घंटीवर गाडी हाकलेला माणूस घंटी वाजली नाही म्हणून थांबला होता. आणि ती वाजणार नाही हे कळूनही थांबून राहिला होता. मला रडू फुटलं आणि रागही आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. तिसऱ्या पायरीला पाणी लागत होतं.

मी आत गेले. खिळ्यावरची बॅग काढली. चांगली जड होती. दर शनिवारी काकी ही घेऊन माझा जिना चढत होत्या. ती खांद्याला लावली आणि त्यांच्या मागे उभी राहिले.

"घेतली," मी म्हटलं. "म्होरं व्हा."

मग काठी पाण्यात टेकली आणि काका निघाले. एक पाऊल, काठी, दुसरं पाऊल. मागे वळून बघितलं नाही. बघायचं नसतंच, तोही नेम होता. गल्लीच्या मधोमध माझ्या चपला वाहून गेल्या.

वर आल्यावर मी कंबरेपर्यंत भिजले होते आणि दात वाजत होते. काकांनी बॅग उघडली. प्लॅस्टिक सोडून लुगडं बाहेर काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "कोरडं हाय. नेसा म्याडम."

"काका, हे काकींचं..."

"मंग? पान्यातून आल्यावर नेसायलाच ठेवलंय."

मी आत जाऊन ते नेसले. इस्त्री मोडली नव्हती. सुकटीचा वास मात्र असा मारत होता, की बाहेर आले तेव्हा जिन्यात अडकलेलं एक मांजर उठून माझ्या मागोमाग आलं. काका खिडकीशी बसून स्वतःच्या घराकडे बघत होते. पाणी आत गेलं होतं. मी चहा टाकला, कारण वर आल्यावर चहा व्हायचा हे ठरलेलं होतं.

कप हातात घेऊन काकांनी घड्याळ बघितलं. "बावीस मिन्टं," ते म्हणाले. "लय झाली."

"पहिलीच वेळ होती माझी."

त्यांनी मान हलवली. दोन घोट घेतले. मग माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं.

"येत्या शनवारी चारला करू परत," ते म्हणाले. "पर चपला आदी दाराशी काढून ठेव, गो. सगळा येळ तितंच जातो."