किपचाकांचा मांडव

तेराव्या शतकातले तुर्की भटके कसे राहायचे, काय खायचे, कुणावर चाल करून जायचे, हे अख्ख्या बीड जिल्ह्यात एकट्या मला माहीत आहे! बढाई नाही मारत. आमच्या कडा गावच्या बाजारात उभं राहून विचारा की किपचाक म्हणजे काय. लोक सरळ फवारणीच्या औषधांच्या दुकानाकडं बोट दाखवतील.

मी आदिनाथ. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून कॉम्प्युटरवरचा गेम बनवतो. इतिहासातल्या लढायांचा गेम आहे. आपण एक टोळी निवडायची, वस्ती करायची, फौज उभी करायची आणि शेजाऱ्याला बुडवायचं. त्यात किपचाक नावाची नवी तुर्की टोळी घालायचं काम माझ्याकडं आलं. तंबू, घोडे, मेंढरं, नगारे, सगळं मी ठरवायचं! एवढी फौज हाताखाली असलेला माणूस, पण घरात किंमत? आई म्हणते, "ऊठ, दळण टाकून ये."

आणि लग्नाचं तर विचारूच नका. वय बत्तीस. मुलीचा बाप विचारणार, "मुलगा काय करतो?" आमचे दादा, म्हणजे वडील गहिनीनाथ, मान खाली घालून सांगणार, "कॉम्प्युटरवर असतो." "काय करतो तिथं?" "खेळतो." झालं! "अहो खेळत नाही, खेळ बनवतो!" असं मी म्हणेपर्यंत पाव्हणे चपला घालत असायचे.

अशात आष्टीच्या बिभीषणरावांची प्रियदर्शनी बघायला गेलो. दादांनी तिथंही "खेळतो" म्हणून सांगितलंच. पण ती चहा देता देता हसली! टिंगलीचं नाही, चांगलं हसली. मला ती इतकी आवडली, की परत येताना मोटारसायकल कड्यापर्यंत तिसऱ्याच गिअरमध्ये होती. बिभीषणराव म्हणाले, "चार दिवसांत कळवतो." दादा घरी येऊन म्हणाले, "ही सोयरीक मोडली तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार न्हाई. तुझं तू बघ." तेव्हापासून फोन वाजला की आमच्या घरात तिघंही एकदम उठायचो.

त्याच आठवड्यात कंपनीच्या कावेरी मॅडमचा फोन. "आदिनाथ, तुझे तंबू मेलेले वाटतात. एसटीचे थांबे आहेत का ते? मला खऱ्या उन्हातले फोटो हवेत, खऱ्या घोड्याच्या टापा हव्यात, खरे नगारे हवेत. सोमवारपर्यंत. आणि बाहेर एक शब्द नाही!" हा कंपनीचा नियमच आहे. गेम बाजारात येईपर्यंत कुणाला काही सांगितलं की नोकरी गेली.

मी म्हटलं, हात्तिच्या! आपल्या रानात उभी करतो की टोळी!

शनिवारी सकाळी रस्त्याकडेच्या वावरात बांबू गोल वाकवून रोवले, वर घोंगड्या टाकल्या, शेंड्याला पताका लावली. काय तंबू झाला म्हणून सांगू! कुणी किपचाक तिकडून चाललेला असता तर चूल मांडायला आत शिरला असता. घोड्यासाठी मुंजाजीला बोलावलं. तो नवरदेवांना घोडी भाड्यानं देतो. त्याला बजावलं होतं, घोडी साधीच आण, नटवू नकोस. तो झूल, झालर, तुरा, सगळा साज चढवून घेऊन आला!

"अरे मुंजाजी, साधी म्हटलं होतं ना!"

"उघडं हिंडायची सवय न्हाई वो तिला. लाजती."

नगारे काही मिळाले नाहीत, म्हणून हलगीवाले बोलावले. आणि टोळीचा म्होरक्या खान? खान मीच! अंगात घोंगडीचा डगला, कमरेला दोर, कपाळाला कुंकवाचा लढाऊ पट्टा आणि डोक्यावर कापूस चिकटवलेली उंच टोपी. मोबाइल तिपाईवर लावला, घोडीवर बसलो आणि ओरडलो, "वाजवा रे, लढाईचं!"

हलगीवाल्यांना बिचाऱ्यांना वरातीचंच पाठ. त्यांनी ते सुरू केलं आणि घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहून नाचायला लागली! मी मानेला मिठी मारून "थांबव! थांबव!" करतोय, मुंजाजी खालून म्हणतोय, "पैसे उधळल्याबिगर ती थांबत न्हाई!"

नेमक्या त्याच वेळी आमच्या शेजारच्या साखराबाई रस्त्यानं चालल्या होत्या. त्या थबकल्या. मांडव बघितला, घोडी बघितली, माझ्या कपाळाचं कुंकू बघितलं.

"आदिनाथा, काय हाय रं हे?"

"काही नाही, आजी. सांगता येत नाही."

"कावून?"

"कुणालाच सांगायचं नाही, असं ठरलंय."

"आईबापाला तरी?"

"त्यांनाही नाही."

आजींनी पदर तोंडाला लावला आणि लांबूनच माझी दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. मला वाटलं, टोपी आवडली असेल.

अर्ध्या तासात बबनराव काका आले. हे दादांचे चुलतभाऊ आणि आमच्या भावकीतले मोठे. त्यांच्याशिवाय आमच्यात नारळसुद्धा फुटत नाही. बुलेट लावली, गॉगल काढला आणि आवाज लावला.

"आमी मेलो व्हतो का, बे?"

"काका, काय झालं?"

"मांडव पडला, घोडी आली, हलगी वाजली, अन् भावकीला अक्षत न्हाई? चूलबंद आवतन तर सोडच, साधा फोन न्हाई?"

आमच्याकडं चूलबंद म्हणजे त्या दिवशी भावकीतल्या एकाही घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. कुणाला वगळलं तर पुढच्या दोन पिढ्या बोलत नाहीत. मी घोडीवरून उतरून पाया पडलो. "काका, लग्न नाही हो हे!"

"मंग काय हाय?"

"सांगता येत नाही."

"लोक बोलायलेत ते खरंच हाय तर!" काका घोडीच्या झुलीवर बसले. बसले म्हणजे झूल खाली काढून अंथरली आणि वर बसले. "पण भावकी वाऱ्यावर सोडीत न्हाई. मी कड्यात बुंदी सांगून आलोय."

मागं बघतो तर सगळी भावकी! कुणाच्या हातात टॉवेल-टोपी, कुणाच्या हातात साडी. रुसलेले चेहरे, पण आहेर आणलेला. वाढपी आपोआप ठरले. कुणीतरी तंबूला आंब्याचं तोरणही बांधलं. माझा तेराव्या शतकातला तंबू बघता बघता लग्नाचा मांडव झाला!

एवढ्यात आई आली, धावत. "पोरगी कुठली हाय तेवढं तर सांग रं मला! मी सासू व्हायले, अन् मला साखराबाईकडून कळावं?" ती तंबूत डोकावली, आत नवरी दिसेना, मग जास्तच रडायला लागली. मागून दादा आले. त्यांनी एकच विचारलं, "पळवून आणली का?"

"अहो दादा, मला घोडी थांबवता येत नाही, मी कुणाला पळवून आणतो!"

हे सगळं अजून निभावलं असतं. पण साखराबाईंची लेक दिलीय आष्टीला! दुपारी एक पांढरी गाडी धूळ उडवत आली आणि बिभीषणराव उतरले. गाडीत मागं प्रियदर्शनी होती.

"वा! वा, गहिनीनाथराव!" बिभीषणराव हात जोडून म्हणाले. "मी आज होकार कळवणार व्हतो. अन् तुमच्या पोरानं हितं दुसरीसंगं मांडव घातला? माझी पोर काय रस्त्यावर पडलीय?"

दादांनी डोक्याला हात लावला. आई जागेवरच बसली. होकार आला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो परत निघाला होता! मी कापसाची टोपी घालून तोंड उघडं ठेवून उभा.

प्रियदर्शनी गाडीतून उतरली. कुणाकडं न बघता सरळ माझ्यासमोर आली.

"कोण हाय ती?"

"कुणीच नाही."

"मंग ही घोडी कावून?"

आता काय करावं? बोललो तर नोकरी जाते, नाही बोललो तर ही जाते. खरं सांगतो, मला एक क्षणही विचार करावा लागला नाही. नोकरी दुसरी मिळते! मी सगळं सांगून टाकलं. गेम, किपचाक, मेलेले तंबू, सोमवार, सगळं. लॅपटॉप आणून दाखवला. सगळी भावकी वाकून बघायला लागली. बबनराव काका गॉगल घालून बघत होते.

"काय करती ही टोळी?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"फिरते. मेंढरं राखते. लढते."

"कुणासंगं?"

"शेजारच्याच टोळ्यांशी. एकाच रक्ताच्या असतात, पण मानपान झाला नाही की एकमेकांवर चालून जातात."

तिनं एकदा लॅपटॉपकडं बघितलं, एकदा हातात टॉवेल-टोपी घेऊन रुसून उभ्या असलेल्या लोकांकडं. "म्हंजे भावकीच की!"

आणि ती हसली. तेच चहा देतानाचं हसू! मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हणून गेलो, "तुम्ही मला लई आवडलात. त्या दिवशीच सांगायचं होतं, पण तोंडात बिस्कीट होतं."

बिभीषणराव खोकले. आईनं डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो! आता सगळे घरी जातील, मी तोरण काढीन आणि राहिलेले फोटो घेईन.

पण बबनराव काका उठले. "असं बघा बिभीषणराव. मांडव हाय. घोडी हाय. हलगी हाय. बुंदी निघालीय. भावकी आलीय, ती आता तशीच माघारी गेली तर माझी काय इज्जत ऱ्हाईल? साखरपुडा उरकून टाकू. अन् आपल्याकडं आता साखरपुड्यातच लग्न लावत्यात, तर तेबी उरकू!"

"आज?" मी ओरडलो.

"तुला काय, तू नटलेलाच हायस!"

बिभीषणरावांनी पोरीकडं बघितलं. "तुला काय वाटतं, बाई?" तिनं मला टोपीपासून दोरापर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "माज्या मावश्या येऊ द्या. मंग हरकत न्हाई."

दिवस मावळायच्या आत मावश्या आल्या, गुरुजी आले, अक्षता पडल्या. हलगीवाल्यांना एकदाची त्यांची चाल मनासारखी वाजवता आली आणि घोडी नोटा बघून थांबली. आईनं फेटा आणला होता, पण कापूस डिंकानं चिकटवलेला, टोपी डोक्यावरून निघेचना! तसाच खान बोहल्यावर चढला. तिपाईवरचा मोबाइल सगळं टिपत राहिला.

सोमवारी तेच फोटो मॅडमना पाठवले. दुसरे नव्हतेच. तासाभरात फोन.

"आदिनाथ, अप्रतिम! काय ती टोळी, काय त्यांचा तो राग! एवढे खरे किपचाक तुला मिळाले कुठं? फक्त एक बदल कर. तुझा खान फार भेदरलेला वाटतो, त्याला काढ. शेजारी शालू नेसलेली आहे ना, हिरवा चुडा घातलेली? टोळीची मालकीण तीच वाटते. राज्य तिच्या नावावर कर."

"आणि... खानाचं काय करू, मॅडम?"

"वाया नको घालवू. मागं मेंढरांजवळ उभा कर."

घरात येऊन प्रियदर्शनीला सांगितलं. वाटलं होतं, चिडेल तरी माझ्या बाजूनं. ती म्हणाली, "बरोबर हाय की मॅडमचं. उठा, दळण टाकून या."