सातशे बारा मतांच्या सोडवणुकीची हकीकत

सकलदंतपीडापरिहारक, चिमटाधारिणी, दाढोत्पाटनधुरंधर दंतवैद्य बाईसाहेब यांचे सेवेसी आज्ञाधारक लेखकाचा दंडवत. साहेबीं हुकूम फर्माविला की, आमचे यजमान आणि आमचे धाकटे बंधू यांमध्ये चौदा महिने जे वितुष्ट माजले, आणि गेल्या शुक्रवारी सायंकाळी सहाचे आत मोठा प्रसंग होऊन जो सलूख जाहला, तो जैसा घडला तैसा लिहून ठेवावा. दोघांपैकी एकट्यास विचारू नये, कारण दोघेही आपापल्या सोयीने सांगतात. हुकूम शिरीं वंदून लिहितो. पदरचे काही घालणार नाही. घातलेच तर अलंकारापुरते.

बाईसाहेबांचे यजमान, ज्यांस सर्व आप्त भाऊजी म्हणतात, ते उद्योगाने लिफ्टदुरुस्तीचे मातबर सरदार. जेथे जेथे लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकून आतील रयत हवालदिल होई, तेथे भाऊजी हत्यारांची पेटी घेऊन स्वारी करीत आणि रयतेस बाहेर काढीत, आणि काढता काढता एखादे मत ऐकवीत. अडकलेली माणसे ऐकतात, हे त्यांचे ध्यानी आले, आणि तेथून मतांचा नाद लागला. मग इंटरनेटवर एका कंपनीचे फुकट जागेत त्यांणी आपले ठाणे बसविले आणि दर रविवारी सकाळी एक मत लिहून प्रसिद्ध करू लागले. ऐसे चौदा वर्षे चालले आणि मते सातशे बारा जाहली.

या मतांचे मुलूख तीन. पहिला संगणकाचा. त्यांत ऐसे की, प्रिंटर हा मनुष्यजातीचा जन्मजात वैरी असोन तो भीती ओळखतो. आणि जिची नक्कल दोन ठिकाणी ठेविली नाही ती वस्तू आपली म्हणोच नये. या एकट्या नक्कल प्रकरणी भाऊजींची एकतीस मते आहेत. दुसरा मुलूख विज्ञानकथांचा. त्यांत ऐसे की, अंतराळयानांस चाळीस-चाळीस मजले असतात, लढाईत अर्धे यान जळते, तरी लिफ्ट कधी बंद पडत नाही आणि दुरुस्तीवाला एकही दिसत नाही, सबब हे सर्व लेखक जमिनीवरचे आणि तळमजल्यावर राहणारे. तिसरा मुलूख चालू घडामोडींचा. तेथे भाऊजींची तलवार सर्वांत तेज. अर्ज ऑनलाइन भरावयाचा, मग कागदावर छापावयाचा, मग सही करून पुन्हा ऑनलाइन चढवावयाचा, हा कायदा ज्यांणी केला त्यांस दोन मजल्यांमध्ये एक दिवस ठेवावे, ऐसे त्यांचे मत प्रसिद्धच आहे.

परंतु भाऊजींचे शुद्धलेखन म्हणजे उघडा दरवाजा. तेथे बंदोबस्तास बाईसाहेबांचे बंधू, राजेश्री मेहुणे, तैनात होते. मेहुणे छापखान्यात मुद्रितशोधक, बावीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर निर्वाह. ठाणे त्यांणीच उघडून दिले होते. दर शनिवारी मत त्यांजकडे जाई, ते ऱ्हस्व-दीर्घ ताळ्यावर आणीत, आणि रविवारी तेच मत प्रसिद्ध होताच खाली उभे राहून त्याचे खंडन करीत. हा रिवाज दोघांस जेवणाहून प्रिय होता.

मग चौदा महिन्यांपूर्वी एक मत शनिवारी न जाता थेट रविवारी अवतरले. विषय ऐसा की, नगरकचेरीने खिडकीवरचे कारकून उठवून तेथे बोलते यंत्र बसविले, ते उत्तम जाहले, आणि जनतेने बदलाचे स्वागत करावे. मेहुण्यांनी खाली एकच ओळ लिहिली: "भाऊजी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हे यंत्रानं लिहिलंय." भाऊजींची इतराजी जाहली. त्यांणी जबाब धाडिला की, तीस वर्षे यंत्रांत हात घालणाऱ्यास हे ऐकविणारा तू कोण. मेहुण्यांकडून पुढे अक्षर आले नाही. येणेप्रमाणे बोलणे तुटले, आणि बाईसाहेबांस नवरा घरी नसेल तो दिवस पाहून भावास जेवावयास बोलावण्याची पाळी आली.

आता मुख्य प्रसंग. गुरुवारी सायंकाळी भाऊजी कामावरून येऊन हातपाय धुऊन बसले तो कंपनीचा खलिता दृष्टीस पडला की, शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता ही जागा कायमची बंद होईल, ज्याचे जे असेल त्याणे उचलून न्यावे. ऐसे खलिते तीन महिने येत होते. परंतु असे खलिते धाडणारे सर्व ठग असतात, ते न उघडता कचऱ्यात टाकावेत, ऐसे भाऊजींचे एक मत होते आणि त्या मतास ते स्वतः जागले होते.

भाऊजींनी सर्व मते एकदम बाहेर काढण्याचा दरवाजा शोधिला. दरवाजाने पासवर्ड मागितला. भाऊजी चौदा वर्षे आत शिरले ते एकाच जुन्या संगणकावरून, आणि तो संगणक त्यांस ओळखून सोडीत असे, सबब पासवर्ड कोणाचे स्मरणी नव्हता. मग हल्ले सुरू जाहले. लग्नाची तारीख घातली, ती चुकली; बाईसाहेबांनी मागून पाहून सांगितले की तारीखच चुकीची घातली आहे. दुरुस्त केली, तीही चालेना. नववे हल्ल्यानंतर दरवाजाने अट घातली की, आपण मनुष्य आहात हे सिद्ध करावे, पुढील चित्रांतून बस निवडाव्यात. भाऊजींनी बस निवडल्या. दरवाजा म्हणे, आपण मनुष्य नाही. पुन्हा निवडल्या. पुन्हा तोच निकाल. एतदर्थ भाऊजी फार खजील जाहले आणि चहा मागते जाहले.

बाईसाहेबांनी पृच्छा केली, "नक्कल कुठंय? एकतीस वेळा लिहिलंत ना?"

"लोकांसाठी लिहिलं होतं," भाऊजी म्हणाले.

शेवटी एक वाट दिसली. पासवर्ड विसरल्यास सहा अंकांचा परवलीचा आकडा फोनवर येईल, ऐसे लिहिले होते. परंतु फोन कोणाचा, तर ज्याणे ठाणे उघडून दिले त्याचा. म्हणजे मेहुण्यांचा.

"माझ्या भावाला फोन करा," बाईसाहेब म्हणाल्या.

"जीव गेला तरी करणार नाही."

"जीव राहील हो. मतं जातील."

भाऊजींनी रात्र तळमळत काढिली आणि शुक्रवारी कामावर जाऊन सबंध सकाळ एका इमारतीचे लिफ्टमध्ये एकही मत न देता पाना फिरविला. मग दुपारी तीन वाजता त्यांणी हत्यारे पेटीत घातली आणि खासा स्वारी छापखान्याकडे कूच केली, की जे फोनवर बोलवत नाही ते समोर उभे राहिल्यावर बोलवेल.

छापखान्याचे देवडीवर पहारेकरी होता. भाऊजींनी मुद्रितशोधकांस भेटावयाचे म्हटले. पहारेकऱ्याने त्यांस आपादमस्तक न्याहाळिले.

"ते आता इथं नसतात. वर्ष होऊन गेलं. सगळे तपासनीस काढले. आता मशीनच वाचतं."

भाऊजींचे हातून पेटी सुटून पायावर पडली, परंतु लागल्याचे भान नाही. त्यांणी बाईसाहेबांस फोन केला. बाईसाहेबांचे खुर्चीत एक रोगी आ वासून होता. त्यास तैसेच ठेवून त्यांणी भावास फोन लाविला, आणि दोन मिनिटांत, जी कला त्यांस दाढांवर साधते तीच लावून, सत्य मुळासकट बाहेर काढिले. मेहुण्यांची नोकरी गेली होती. विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासून दिवस रेटीत होते, घरी बायकोस काही सांगितले नव्हते, आणि रोज सकाळी नेमाने डबा घेऊन निघत आणि सायंकाळपर्यंत सार्वजनिक वाचनालयात बसत.

भाऊजी लंगडत वाचनालयात पोहोचले तेव्हां चार वाजून चाळीस मिनिटे जाहली होती. वर्तमानपत्रांचे दालनात, खिडकीजवळचे टेबलावर, मेहुणे लाल पेन घेऊन कोणाचासा प्रबंध तपासीत होते. भाऊजी समोर बसले. तेथे मोठ्याने बोलण्यास मनाई, सबब हा संग्राम आदि-अंत कुजबुजत जाहला.

"तू छापखान्यात नाहीस."

"ताईनं सांगितलं ना आत्ता."

"कधीपासून?"

"तुमचं ते खिडकीवरच्या कारकुनांचं मत आलं ना," मेहुणे मान वर न करता म्हणाले, "त्याच आठवड्यातल्या सोमवारपासून."

मग मेहुण्यांनी फोन टेबलावर मधोमध ठेविला आणि कलम एकच घातले. "आकडा हवाय, तेही ताईनं सांगितलंय. देतो. आधी खरं सांगा. ते कुणी लिहिलं होतं?"

भाऊजींनी पंख्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, पाच वाजावयास आले होते.

"यंत्रानं," ते म्हणाले. "ताप होता मला. रविवार चुकू नये म्हणून त्याला सांगितलं, लिही कारकुनांबद्दल काहीतरी. नीट वाचलंसुद्धा नाही. आणि तू ओळखलंस म्हणून चिडलो."

"ओळखणारच. कुणाला शिवी नाही, कुणाला टोमणा नाही, सगळीकडे 'महत्त्वपूर्ण'. तुम्ही उभ्या जन्मात 'महत्त्वपूर्ण' लिहिलं नाहीत. 'महत्वाचं' लिहिता. एक त खाऊन." मेहुण्यांचा आवाज चढला, शेजारच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केले, तेव्हां ते पुन्हा हळू जाहले. "सोमवारी त्यांनी मला टेबल रिकामं करायला सांगितलं. रविवारी सकाळी उठून तुमचं पान उघडलं. अख्ख्या पानात एक चूक नाही. मला वाटलं, इथूनही काढलं."

येथे लेखकास नमूद करणे प्राप्त की, चौदा वर्षांत प्रथमच भाऊजींजवळ मत तयार नव्हते. मग म्हणाले, "मला सांगायचंस रे."

"तुम्ही लिहिलं होतंत, बदलाचं स्वागत करा. काय सांगू?"

"शिव्या द्यायच्यास."

"आता देऊ?"

"दे. पण आकडा आधी दे, सव्वापाच झाले."

मेहुण्यांस हसू आले ते त्यांणी खोकल्यात लपविले. तेथेच तह मुक्रर जाहला, की ते मत खोडू नये, परंतु त्याचे माथी 'हे यंत्राने लिहिले, मी नुसता सही करणारा' ऐसे लिहावे. आणि नवे ठाणे बसताच शनिवारचा रिवाज पूर्ववत चालू व्हावा. आणि खंडन करण्याचा मेहुण्यांचा हक्क अबाधित असावा.

मग उभयतां वाचनालयाचे सार्वजनिक संगणकावर चालून गेले. तो संगणक भाऊजींचे मतांहूनही जुना. एका माणसास वीस मिनिटे, ऐसा कायदा भिंतीवर डकविलेला. दरवाजाने पुन्हा बसांची चित्रे मांडिली. भाऊजी घाईने भलतेच चित्र निवडू लागले, तो मेहुण्यांनी त्यांस बाजूस सारून सरावाचे नजरेने पाहिले आणि कोपऱ्यात झाडामागे अर्धी दिसणारी बस हेरून टिचकी मारिली. मनुष्य असल्याची खात्री पटली. फोन थरथरला. मेहुण्यांनी सहा अंक वाचिले, भाऊजींनी एकेक बोट आपटून घातले, आणि दरवाजा उघडला.

परंतु मते हळू निघत. दोनशेवर आली तो साडेपाच. चारशेवर आली तो ग्रंथपाल बाई येऊन हुकूम करत्या जाहल्या की, वेळ संपली, मागे माणसे खोळंबली आहेत. मागे पाहता माणूस एक, काठी टेकून उभ्या वृद्ध आजी. भाऊजींनी हात जोडून अर्ज केला की, चौदा वर्षांचा ऐवज आहे, सहा वाजता बुडेल.

"कसला ऐवज?" आजींनी विचारिले.

"मतं आहेत, आजी."

"कुणी वाचतं का?"

"हा वाचतो," भाऊजींनी मेहुण्यांकडे बोट केले.

आजींनी विचार केला. "मग होऊ द्या. मला नुसतं हवामान बघायचंय, ते काय, उद्याचं उद्या कळेलच." ग्रंथपाल बाईंनी नाइलाजे दहा मिनिटे बहाल केली आणि मग दहाची वीस होताना घड्याळाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी सातशे बारावे मत पेन ड्राइव्हवर उतरले. उभयतांनी जयघोष केला आणि ताबडतोब बाहेर काढिले गेले.

सहाचे ठोक्यास ठाणे पडले, परंतु आत कोणी नव्हते. बाईसाहेबांनी पुढे रुजवात घेऊन निर्णय दिला की, मते सातशे बारा, पैकी कामाची अकरा. परंतु नकला मात्र तीन कराव्यात. त्या केल्या.

मेहुणे त्या दिवशी नेहमीचे वेळेस घरी गेले. त्यांची बायको, जी टपालकचेरीत पत्रांची छाननी करी, ती कपड्यांच्या घड्या घालीत होती. मेहुण्यांनी रिकामा डबा ओट्यावर ठेविला आणि उभ्या उभ्या सर्व सांगितले. तिणे हातातली घडी पुरी केली, आणखी एक केली.

"चौदा महिने पाच वाजता उठून डबा केला," ती म्हणाली. "तू खायचास कुठं?"

"वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर."

"आणि पाऊस असला की?"

"सायकल स्टँडखाली."

तिणे घडीचे कपडे बाजूस सारिले आणि म्हणाली, "उद्या मला सुट्टी आहे. मला ती पायरी बघायचीय. आणि सोमवारपासून डबा तू करायचास. माझा."

तरी लिहिणाराने खातरजमा करून नमूद केले ते ऐसे की, शनिवारी दुपारी एक वाजता वाचनालयाचे मागील अंगास, खालून तिसरे पायरीवर, नवराबायको शेजारी बसून, सोमवारची वाट न पाहता मेहुण्यांनीच केलेले दोन डबे उघडते जाहले, त्यांत मीठ कमी होते, ते कोणीही बोलून दाखविले नाही. मोहीम फत्ते जाहली. जखमी एक, तोही पेटीने, उजवे पायाचा अंगठा.