खुंटा नसलेलं खोगीर

आमच्या शेजारचे गुणवंतराव वकील स्टुलावर चढत नाहीत. ट्यूबलाइट गेली तर ती बदलायला माणूस येईपर्यंत अंधारात बसतील, पण स्टुलावर पाय ठेवणार नाहीत. देवळात जायला निघाले की गॅस बंद केला का ते पाहायला अर्ध्या वाटेतून परत येतात. रस्त्यात केळं खाल्लं तर साल खिशात घालून घरी आणतात. आणि हेच गुणवंतराव रोज सकाळी डोक्यावर हेल्मेट, पायांना क्रिकेटचे पॅड अशा थाटात घोडीवर बसून भातकुलीच्या रस्त्याला लागतात.

माणूस भित्रा असावा, माझी काही हरकत नाही. मी स्वतः पालीला भिते. पण पालीला भिणारी मी पाल पाळत नाही ना! गुणवंतरावांचं हे कोडं मला काही केल्या सुटत नव्हतं, आणि गणिताच्या मास्तरणीला न सुटलेलं कोडं दातात अडकलेल्या सुपारीसारखं छळतं.

त्यांच्या भीतीचं मूळ मात्र सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. अकोल्याच्या कोर्टात त्यांनी उभा जन्म अपघाताचे दावे लढवण्यात घालवला. ट्रक, ट्रॅक्टर, ऑटो, बैलबंडी, जे जे म्हणून माणसाला धडकू शकतं ते सगळं त्यांच्या टेबलावर धडकून गेलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, गेल्या, वकिली थांबली, आणि ते अमरावतीच्या या घरात एकटेच राहायला आले. अशील गेले, पण अपघात डोक्यातच राहिले. त्यांचं कोणतंही वाक्य ‘समजा’नं सुरू होतं. “समजा, मास्तरीणबाई, तुमचा हा पदर स्कुटीच्या चाकात गेला.” मी पदर खोचते. “समजा, खोचलेला सुटला.” मग मी स्कुटी सुरू करून निघून जाते, नाहीतर शाळेची पहिली घंटा चुकते.

घोडीचं नाव रेश्मा. ती आधी वरातीत होती. अजूनही मंगल कार्यालयाचं फाटक दिसलं की ती आपोआप थांबते आणि नवरदेव उतरायची वाट पाहते. बँड ऐकला की नाचते. गुणवंतरावांनी तिला नेमकी यासाठीच पसंत केली. “पळणारी घोडी तं कोनीबी इकून देते. थांबणारी पायजे होती मले. ही सोताच्या मनानं थांबते.” नाचण्याचा मुद्दा त्यांनी सुनावणीत घेतलाच नव्हता.

तिच्यावरचं खोगीर होतं अमेरिकेचं. त्यांची मुलगी विद्या टेक्सासला असते. रेश्मा घेतल्यानंतर ते एकदा तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा नात तारा लहान होती आणि गुराख्यांच्या पद्धतीची घोडेस्वारी शिकत होती. तिथून परत येताना हे खोगीर घेऊन आले. खोगीर कसलं, आरामखुर्चीच ती. मागे टेकायला उंच पाठ, आणि पुढे धरायला चांगला मूठभर खुंटा. तिकडचे गुराखी त्या खुंट्याला दोर बांधून गुरं ओढतात म्हणे. गुणवंतराव त्याला स्वतःला बांधून घेत. एक हात लगामाला, एक हात खुंट्याला. लगाम सुटला तर सुटो, खुंटा सुटता कामा नये, हा त्यांचा नियम.

असं सगळं बरं चाललेलं असताना एका सकाळी ते माझ्या दारात आले. चेहरा इतका उतरलेला की मी आधी पाणीच दिलं.

“तारानं पक्ष बदलला,” ते म्हणाले.

“म्हंजे?”

“काउबॉयवाली सवारी सोडली तिनं. आता इंग्लिश करून राहिली. ते उड्यागिड्या मारतात ना, थे. मले म्हणे, आबा, तुझं खोगीर लहान पोरांचं असते.”

“मंग असू द्या ना. ती तिकडं, तुमी इकडं. तुमाले कोनं सक्ती केली बदलाची?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विरुद्ध पक्षाची वकील आहे. “अवो, मंग ती अन् मी बोलू कायचं?” ते म्हणाले. “दिवाळीपर्यंत इंग्लिश खोगिरावर बसून दाखवतो, असा शब्द देऊन बसलो मी तिले.” आणि पाणी तसंच ठेवून निघून गेले.

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली आणि पर्यायानं माझी. इंग्लिश खोगिराचे फोटो मोबाइलवर काढून ते सकाळ-संध्याकाळ माझ्या ओट्यावर येत. “हे पाहा. याले खुंटा कुठं हाय?” नव्हताच. ते खोगीर म्हणजे बोटभर जाडीचा चामड्याचा चपटा तुकडा, पुढे गुळगुळीत, मागे गुळगुळीत. “अन् लगाम दोन्ही हातानं धरा लागते म्हणे. दोन्ही हात लगामाले, मंग जिवाले धरू कायनं?”

कानपूरच्या एका खोगीरवाल्याशी ते फोनवर बोलत, तेही स्पीकरवर, म्हणजे मी साक्षीदार. तो विचारायचा, जंपिंगचं हवं, ड्रेसाजचं हवं की ऑल पर्पज? “भैया, अपना पर्पज एकही है. गिरना नहीं.” तो म्हणाला, मग ऑल पर्पज घ्या. रिकिबीची, म्हणजे पाय अडकवायच्या कडीची, पाळी आली तेव्हा त्यानं एक सुरक्षित जात सांगितली, पडलं की पाय आपोआप सुटतो. गुणवंतरावांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. उजेड जेमतेम चहा होईपर्यंत टिकला. “समजा, मास्तरीणबाई, मी पडतच नाही, अन् रिकीब उगाच सुटली तं?”

शेवटी न बसता मागवायचं नाही असं ठरलं. अकोल्यात त्यांचा एक जुना अशील होता, पोलिसात घोडेस्वार होता. त्याच्या व्हरांड्यात लाकडी घोडीवर असं एक खोगीर शोभेला ठेवलेलं होतं. रविवारी मला घेऊन ते अकोल्याला गेले. हेल्मेट घातलं, पॅड बांधले आणि त्या लाकडाच्या घोडीवर चढून बसले.

“हलवा,” मला म्हणाले.

“काय?”

“हलवा ना लाकूड. घोडी का फोटो काढाले उभी रायते काय?”

मी हलवलं. अशीलही दुसऱ्या बाजूनं हलवायला लागला. त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. गुणवंतराव डोळे मिटून, दोन्ही मुठी हवेत धरून बसले होते, आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मला तोवर हसू येत होतं. तो घाम पाहिला आणि हसू गेलं. माणूस खरंच घाबरलेला होता, आणि तरी खाली उतरत नव्हता.

परत आल्यावर माप घ्यायचं काम निघालं. कानपूरवाल्यानं सांगितलं होतं, वाकणारी तार घोडीच्या पाठीवर दाबा, तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवा आणि पाठवा. गुणवंतरावांनी तार दाबली, आकार उतरवला, त्याखाली स्वतः सही केली आणि साक्षीदार म्हणून माझीही घेतली. इतकं काटेकोर माप कोणत्या नवरीच्या ब्लाउजचंही झालं नसेल. पुठ्ठा कानपूरला गेला.

आणि मग चूक झाली ती इथेच. खोगीर येईपर्यंत त्यांच्या डोक्यात नवाच समजा शिरला. “समजा, पोरीले फोनवर घोडी वाळलेली दिसली. तिची माय म्हणन, बाबा सोता बी जेवत नसन अन् जनावराले बी उपाशी ठेवत असन.” झालं. रेश्माला सरकीची ढेप सुरू झाली. चणे सुरू झाले. गूळ तर हातातून खायची. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की घरातलं माणूस धुवायचं आणि जनावर भरवायचं ही रीतच आहे. गुणवंतराव वऱ्हाडातले; त्यांनी पाहुणी फोनवर येणार तरी रीत मोडली नाही.

खोगीर आलं. सुंदर होतं. गुणवंतरावांनी ते उचलून रेश्माच्या पाठीवर ठेवलं, आणि ते गोल टेकडीवर पाट ठेवावा तसं डुगडुगायला लागलं. तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, दुसऱ्या बाजूला पोचेचना. आम्ही दोघांनी ओढला. रेश्मानं श्वास सोडला, तरी नाही. माप चुकलं नव्हतं. घोडी बदलली होती. पुठ्ठ्यावर सही केलेली साक्षीदार म्हणून मी खाली पाहत उभी राहिले.

दिवाळी तोंडावर आलेली. रेश्माची ढेप बंद झाली, नुसतं कुटार, म्हणजे सुका भुसा, सुरू झालं. तिची जुनी आरामखुर्ची माळ्यावर गेलेली, नवं खोगीर बसत नाही, म्हणून गुणवंतराव तिला लगामाला धरून रोज पायी भातकुलीच्या रस्त्यानं फिरवू लागले. गुळासाठी ती त्यांचा खिसा हुंगायची. ते तिला म्हणायचे, “नाई बाई, आपल्या दोघाइच्या नशिबाचे वांधे हायेत.”

त्याच दिवसांत एकदा मी माहेराहून स्कुटीवर येत होते. भातकुलीच्या रस्त्यावरच्या नाल्याच्या पुलावर गुणवंतराव कठड्याला टेकून बसलेले दिसले. रेश्मा बाजूला. हातात फोन, पडदा काळा. मला वाटलं, चक्कर आली. थांबले.

“काय झालं काका?”

“काई नाई. फोन झाला ताराशी.”

“मंग?”

त्यांनी फोनचा पडदा बाहीला पुसला. मग म्हणाले, “हाय आबा म्हणे. रेश्मावर बसला काहून नाई म्हणे. म्हनलं, बसतो दिवाळीले. ओके बाय म्हणे.” त्यांनी फोन खिशात घातला. “मास्तरीणबाई, काकू होती तवा पोरगी फोनवर यायची. तिची आजी गाणे म्हणे, गोठी सांगे. मले काई येत नाई. मी विचारलं, जेवली का? जेवली. शाळा कशी हाय? बरी. खतम. मंग एक दिवस म्हनलं, बेटा, मी घोडी घेतली. तं अर्धा घंटा बोलली वो! पोरगी माझ्यासाठी नाई येत फोनवर. घोडीसाठी येते.”

स्टुलावर न चढणारा माणूस रोज सकाळी कशासाठी घोडीवर चढतो, ते कोडं सुटलं होतं. सुटल्याचा आनंद मात्र झाला नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तंग लागला. शेवटच्या भोकात, पण लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुलावर हजर राहायचं बोलावणं आलं. दोन्ही हात लगामाला, म्हणून फोन धरायला माणूस हवा होता. तिकडे टेक्सासात रात्रीची जेवणं झालेली. पडद्यावर तारा आली, दोन वेण्या, दातांना तारा.

गुणवंतराव पुलाच्या कठड्यावरून कसेबसे त्या चपट्या खोगिरावर सरकले. चेहरा पांढराफटक.

“आबा, टाचा खाली!” तारा ओरडली. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करते. “आबा, तू तिचे केस का पकडलेस? सोड ना.”

त्यांनी आयाळ सोडली. दोन्ही हात लगामाला घेतले. रेश्मा चार पावलं शहाण्यासारखी चालली. तेवढ्यात मागून एक टेम्पो आला, भोंग्यावर लग्नातलं गाणं लावून, आणि रेश्माला आपला जुना धंदा आठवला. मान उंच करून तिनं पुढचे पाय नाचवले. गुणवंतरावांच्या तोंडून एकच शब्द निघाला, “समजा!” आणि ते हळूहळू एका अंगाला कलत, रिकीब सुटून, रस्त्याकडेच्या गवतात येऊन बसले. लागलं काही नाही. टेम्पो निघून गेला. रेश्मा थांबली.

मी धावले. फोन तसाच हातात, तारानं सगळं पाहिलेलं. तिचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “तू घाबरलास?”

उभा जन्म कोर्टात गेलेला माणूस. नाही म्हणायला त्यांना काय लागलं असतं? त्यांनी हेल्मेट काढलं. “हो बेटा,” ते म्हणाले. “मले लय भेव लागते घोडीचं. पयल्या दिवसापासून.”

ठेवते फोन, असं मला वाटलं.

“मला पण,” तारा म्हणाली. “मी पडले, आबा. उडी मारताना. ममाला नाही सांगितलं. आता क्लासच्या दिवशी माझं पोट दुखतं. त्या नव्या खोगिराला काही धरायलाच नाहीये.”

गुणवंतरावांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. पाय लांब करून गवतातच नीट बसले. “मले पयलेपासून सांग,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कसा अगदी स्थिर झाला. “घाई नाई. कोन्या बाजूनं पडली? डाव्या का उजव्या? अन् पडाच्या आधी तुले मनात काय वाटलं, थे बी सांग.”

ती सांगू लागली. ते मध्ये मध्ये “मंग?” म्हणत होते. एकदा ती रडली. एकदा दोघं कशावर तरी हसली. रेश्मा लगाम ओढत बाजूच्या तुरीत शिरली, म्हणून मीच जाऊन तिला धरलं. ऊन वर येईपर्यंत मी तिथे उभी होते, शाळेला उशीर झाला. तेवढ्या वेळात तारानं रेश्मा कुठे आहे म्हणून एकदाही विचारलं नाही.