रंग खरवडणारे वामनराव

आमच्या शेजारचे वामनराव कोणाच्याही घरी गेले की आधी दाराचा रंग नखाने खरवडतात, मग बसतात. रामदासपेठेत पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तर मुलीकडच्यांच्या चौकटीचा टवका काढून खिशात घातला. तरी सोयरीक जमली, हे त्या पुतण्याचं नशीब.

"शिसं हाये याच्यात," असं ते घरात नाग निघाल्यासारखं सांगतात.

बँकेतून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे सगळं नफा-तोट्यात. "जुना ऑइलपेंट काढाले एकदाच खर्च येते, वहिनी. तेच शिसं लेकराच्या डोक्यात गेलं तं शाळेत घाटा, नोकरीत घाटा, जलमभर घाटा. याच्याहून पक्की एफडी कोनती बँक देते, सांगा?"

मी आपली हो हो म्हणून चहा टाकायची.

मग माझी लेक बाळंतपणाला आली, नात झाली. बारशाला घर चकाचक हवं, म्हणून मी हौसेने पेंटर लावले. ते जुन्या हिरव्या खिडक्या पॉलिश पेपरने कोरड्याच घासत होते. वामनराव तरातरा आत आले आणि पेंटरच्या हातातला कागदच ओढून घेतला.

"बारसं करून राहिले, का पोरीले शिसं चारून राहिले?"

असा संताप आला मला! पण पाळण्यातल्या दुपट्यावर हिरवी भुकटी दिसली आणि मी नातीला उचलूनच घेतलं.

"आता हिला न्यायचं कुठे?"

"माह्या घरी. तवर हे लोक ओलं करून खरवडतीन, फरशा धुतीन."

त्यांची बायको गेल्यापासून त्या घरात कोणी फारसं जात नव्हतं. पाहते तर दारं-खिडक्या सगळी उघड्या लाकडाची. मुलगा कॅनडात. नातू होणार कळल्यावर यांनी सारं घर खरवडून घेतलेलं. नातू काही आला नाही. आता त्याला मिसरूड फुटलंय, फोनवर 'हाय' म्हणतो.

बारसं तिथेच झालं. यंदा उन्हाळ्यात लेक पुन्हा आलीय, नात आता रांगते आणि दिवसभर तिचा मुक्काम वामनरावांकडेच. काल तिने तिथल्या खिडकीच्या चौकटीला दोन्ही दातांनी चावा घेतला. मी धावले, तर त्यांनी मला हाताने अडवलं. डोळे भरून आले होते त्यांचे.

"चाव वं माय, चाव," ते तिला म्हणाले. "किती वर्सं वाट पाहून राहिलो."