खड्डा, एक नग

मंगळावरचं विवर प्लास्टरमध्ये उतरवायचं, तेही फोटोवरून आणि तंतोतंत, हे काम आख्ख्या जपानात फक्त मलाच जमलं असतं! चाळीस वर्षं या गावातल्या डोक्यांवर कात्री चालवतोय. बंदरासमोर ‘ओगिवारा केशकर्तनालय’ अशी पाटी दिसेल, तो ओगिवारा मीच. डोक्यांचे उंचवटे मला पाठ आहेत, तर विवराची काय बिशाद?

आमचं एक मंगळ मंडळ आहे. मंगळावर फिरणारी ती गाडी रोज फोटो पाठवते, ते आम्ही समाजमंदिराच्या कॉम्प्युटरवर उघडतो आणि दगड न् दगड बघतो. पूर्वी अकरा सभासद होते, आता चार. बाकीचे कुठे गेले विचारू नका. आमच्या गावातून माणसं दोनच ठिकाणी जातात, मुलांकडे शहरात नाहीतर टेकडीवरच्या स्मशानात. उरलो मी, हार्डवेअरवाला त्सुबोता, सुकी माकूळ मासळी विकणाऱ्या मिझोबेबाई आणि आम्हाला सातवीत विज्ञान शिकवलेले इनामुरा गुरुजी.

गुरुजींची बायको हात्सुए तीन वर्षांपूर्वी गेली. त्याच हिवाळ्यात गुरुजींना विवराच्या तळाशी एक दगड दिसला. वरून सपाट, उजव्या कोपऱ्याचा कान फुटलेला. गुरुजी म्हणाले, “अरे, हा तर आमच्या लोणच्याच्या पिंपावरचा दगड! हात्सुए दर वर्षी मुळ्यावर दाब द्यायला हाच ठेवायची.” त्या दिवसापासून दगडाचं नाव हात्सुए. गाडी केव्हाच पुढे निघून गेली, पण गुरुजी रोज तोच फोटो उघडून भिंग लावून बसायचे.

मग त्यांचे डोळे गेले. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. नागोया शहरात राहणारी मुलगी त्यांना कायमचं घेऊन जाणार होती, तेही शरद महोत्सवाच्या दिवशीच. गुरुजी मला म्हणाले, “दिसत नाही ते नाही. पण जायच्या आधी एकदा तिला हात लावता आला असता तर बरं झालं असतं.”

झालं! मी शब्द देऊन बसलो.

उंच-खोल कळायला आम्ही डाव्या-उजव्या कॅमेऱ्यांचे दोन फोटो लाल-निळे करून एकावर एक ठेवतो आणि लाल-निळ्या कागदाच्या चष्म्यातून बघतो. मंडळाकडे तसला चष्मा एकच होता, आणि पहिल्याच दिवशी त्सुबोता त्यावर बसला. म्हटलं, हात्तिच्या! घरी मिठाईच्या खोक्यांचे रंगीत कागद होते, तासाभरात मी नवा चष्मा केला, डोळ्यांवर चढवला आणि खुर्चीतून पडता पडता वाचलो.

“त्सुबोता! हे विवर नाहीच! ही टेकडी आहे!”

“काय बोलतोस?” त्याने चष्मा लावला. “अरे बाप रे! खरंच की!”

“आणि हात्सुए दगड नाही. खड्डा आहे!”

मिझोबेबाईंनीही लावून बघितला, मग काढून बघितला. “बिनचष्म्याचा तर दगडच दिसतोय हो.”

“बिनचष्म्याची पृथ्वीसुद्धा सपाट दिसते, बाई!”

मी वर्तमानपत्राला पाठवायचं पत्रसुद्धा लिहायला घेतलं. मथळा घातला, ‘साऱ्या जगाची चूक एका न्हाव्याने पकडली’.

पण मिझोबेबाईंचा चेहरा पडला होता. “गुरुजींना काय सांगायचं? तीन वर्षं तुम्ही खड्ड्याशी बोलत होतात म्हणून? ओगिवारासान, पाया पडते, तिथे एक दगड बसवा. त्यांना काय कळणार आहे?”

“विज्ञान म्हणजे विज्ञान!” मी म्हणालो. म्हणालो खरा, पण त्या रात्री जेवण तसंच ठेवून कामाला बसलो. कोपऱ्यात कान फुटलेला तो खड्डा कोरून होईपर्यंत उजाडलं. प्लास्टर सुकलं. दगडासारखं घट्ट झालं, आता खुद्द मंगळाने येऊन सांगितलं असतं तरी बदलता येत नव्हतं.

महोत्सवाच्या सकाळी आमचं टेबल पुष्परचनेवाल्या बायकांच्या शेजारी लागलं. नगराध्यक्ष आले, थबकले.

“वा, वा! आपला मागचा डोंगर! हुबेहूब! देऊळ तेवढं राहिलं.”

“साहेब, हे मंगळावरचं...”

“विनोदी आहात!” असं म्हणून त्यांनी ‘गावाच्या भूगोलाची सेवा’ असं प्रशस्तिपत्र माझ्या हातात कोंबलं. टाळ्या झाल्या. पुष्परचनेच्या बाईंनी शिखरावर पाइनची एक फांदीही खोचली.

तेवढ्यात मुलीचा हात धरून गुरुजी आले. कोट घातलेला, प्रवासाची बॅग दारात ठेवलेली. मी फांदी उपटली आणि त्यांचा हात काठावर ठेवला.

बोटं पुढे सरकली. “ओगिवारा, मी चढतोय रे. उतरायला नको का?”

“तो... तो शोध आहे, गुरुजी.”

“असं?”

बोटं शिखर ओलांडून गेली आणि खड्ड्यात पडली. मिझोबेबाईंनी तोंडावर रुमाल धरला. गुरुजींनी खड्ड्याची कड चाचपली, फुटलेला कान चाचपला, तळ चाचपला.

“चष्मा कुणी केला?”

“मीच.”

“लाल कागद कुठल्या डोळ्याला लावलास?”

“उजव्या.”

“डाव्याला लावतात, गाढवा! सातवीतही तुला डावं-उजवं कळत नव्हतं! उलटा चष्मा लावलास तर खोल ते उंच दिसेल आणि उंच ते खोल. आख्खं विवर उपडं घातलंस की रे!”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. साऱ्या जगाची चूक! त्सुबोता छताकडे बघत होता. माझे डोळे भरून आले. “गुरुजी, चुकलो. आत्ता फोडून टाकतो.”

“थांब.”

त्यांनी हात काढला नाही. खड्ड्यात तळवा पसरून तसेच उभे राहिले.

“ती गेल्यापासून घरात जिथे हात लावतो, तिथे हेच हाताला लागतं,” ते म्हणाले. “आकार तिचाच आहे. बरोबर काढलायस.”

“बाबा, गाडीची वेळ झाली,” मुलगी हळूच म्हणाली. तरी ते आणखी जरा वेळ थांबले. मग हाताला लागलेली प्लास्टरची भुकटी न झटकताच गेले. आता मंडळात आम्ही तिघे.

आठवड्याने नागोयाहून फोन आला. “ओगिवारा, मुलीचं घर लहान आहे, पण खिडकीपाशी जागा आहे. तेवढा खड्डा पाठव.”

मी करवतीने खड्डा कापून काढला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि पार्सलच्या काउंटरवर नेला. फॉर्मवर लिहिलं, ‘खड्डा, एक नग. नाजूक.’

तिथल्या मुलीने वाचलं. “म्हणजे आत काय आहे?”

“काही नाही. पण सांभाळून न्या.”

तिने माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि बाणाचं लाल स्टिकर काढलं. “वरची बाजू कुठली, काका?”

मी खोका तीनदा फिरवून बघितला. मग मुकाट्याने मिझोबेबाईंना फोन लावला.